लॅच : अर्थ, मूळ, वाक्यात उपयोग

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)
रविवार, दुपार

प्रिय मालन,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी ते दिव्यासमोर धरशील आणि मग लेकाला, मयूरला विचारशील की आजकाल पत्रं कोण पाठवतं. मी पाठवते. फोन तीनदा हातात घेतला आणि तीनदा ठेवला. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला 'जाऊ दे गो' म्हणून मला गप्प केलं असतंस, आणि या वेळी मला गप्प बसायचं नाहीये. शिवाय फेब्रुवारीपासून आपण बोललेलो नाही. समोरासमोरच्या दारांत बावीस वर्षं राहिलेल्या दोन बायका अडीच महिने बोलत नाहीत, म्हणजे आधी कोणी तोंड उघडायचं हा प्रश्नच होऊन बसतो. कागदावर निदान मधे कोणी तोडत नाही.

कोपरीत करमतंय का तुला? गंमत बघ, मी कोपरीची, ती इथे तुझ्या सासऱ्यांच्या शेतावर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये आले, आणि तू इथली, जन्मापासून मानपाड्याची, ती आता नातवासाठी माझ्या माहेरच्या गल्लीत जाऊन बसलीस. नातवासाठी गेलीस असं तू सगळ्यांना सांगितलंस. मी विश्वास ठेवला नाही. माझा विश्वास कशावर बसतो म्हणा! दूधवाल्याच्या मापावर नाही, वॉचमन धाकूच्या वहीवर नाही, कुरिअरवाल्याच्या हसण्यावर तर मुळीच नाही. 'मेघना, तुझ्या पोटात पोलीस ठाणं हाय,' असं तू म्हणायचीस आणि मी हसायचे. त्या पोलीस ठाण्यानं या वेळी काय केलं ते सांगायला बसले आहे. पण आधी एका शब्दाबद्दल सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

आप्पांची ती लांबोडकी वही तुला ठाऊक आहे. कारखान्यात पॅकिंगला उभं राहून माझ्या वडिलांची छत्तीस वर्षं गेली, सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं की आपण दिवसभर जे इंग्रजी शब्द बोलतो ते आहेत तरी कोण, हे शोधायचं. वहीवर त्यांनी नाव घातलंय, 'आमच्या घरी राहायला आलेले शब्द'. एका शब्दाला एक पान. वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली मूळ, आणि शेवटी शाळेसारखं 'वाक्यात उपयोग'. रोज दहाला वाचनालयात जायचं, तिथला जाडा कोश उघडायचा आणि साडेबाराला परत यायचं. बटन या शब्दाचं मूळ फुलाची कळी आहे हे सापडलं त्या दिवशी ते शर्टाची बटनं लावताना किती वेळ हसत होते. टॉवेलचं मूळ धुण्यात निघालं, तर म्हणाले, नाव ठेवणाऱ्यानं बरोबर ठेवलं. आणि दर रविवारी ती वही माझ्यापुढे यायची. मी इंग्रजीची शिक्षिका, तेव्हा लाल पेनानं तपासून द्यायची हा आमचा करार.

त्या वहीत लॅचचं पान कसं आलं, ते तुझ्याएवढं कोणालाच माहीत नाही. कोपरीच्या चाळीत आमच्या दाराला कडी होती. ती दिवसा कधी लागलीच नाही, आणि लागायची तेव्हा माणसाच्या हातानं लागायची. इथे आलो आणि बिल्डरनं दाराला लॅच दिला. पहिल्याच दिवशी आप्पा कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आले, मागे दार खट्कन लागलं, आणि ते बनियनवर जिन्यात. तूच त्यांना आत घेतलंस. ना ओळख, ना नाव माहीत. दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस की समोरासमोर चावी ठेवायची असते, तशी पद्धतच आहे. माझी चावी तुझ्या घरी कॅलेंडरमागच्या खिळ्याला आणि तुझी माझ्या चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये. खरं तर तुझ्या चावीचा मला कधी उपयोगच झाला नाही, कारण तुझं दार सदा उघडं. 'अगो बाय, उघड्या दाराला कसली चावी,' असं म्हणून तू ती दिलीस, ती केवळ मला बरं वाटावं म्हणून.

आप्पांना मात्र लॅचचा रागच होता. कडी माणसाला विचारून लागते, हा न विचारता लागतो, असं म्हणायचे. मग एक दिवस वाचनालयातून आले ते खुशीत. लॅचचं मूळ सापडलं होतं. फार जुन्या इंग्रजीत तो शब्द म्हणजे पकडणे, झडप घालून धरणे. म्हणूनच पकडतो लेकाचा, असं म्हणून त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. आणि त्याच सुमारास माझी लेक शिवानी बाळंतीण होऊन आली. आठवतं? बाळ दूध ओढेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ लॅच होत नाहीये. शिवानी रडकुंडीला आली, मी पुस्तक उघडून बसले, आणि तू तिच्यामागे दोन लोड लावलेस, बाळाची हनुवटी जराशी खाली केलीस, आणि त्यानं धरलं. पलीकडच्या खोलीत आप्पांनी वही काढली आणि 'अर्थ' या मथळ्याखाली दुसरी ओळ लिहिली : बाळाने आईला धरणे. म्हणाले, या शब्दावर मी उगाच चिडलो, वाईट नाहीये तो.

आता संशयाकडे येते. तुला वाटेल, एवढं चांगलं आठवत असताना या बाईला असं सुचलंच कसं. मलाही तेच वाटतंय.

दिवाळीनंतरची गोष्ट. साखर लवकर संपायला लागली. घरात आम्ही दोघं. आप्पांना मधुमेह, त्यांचा चहा बिनसाखरेचा, आणि मी स्वतः अर्धा चमचा घेते. मग साखर जाते कुठे? मी डब्यावर बाहेरून पेन्सिलीनं खूण केली. चार दिवसांत साखर खुणेच्या बोटभर खाली. चहाची पूडही तशीच. मग एक दिवस शाळेतून आले तर ओट्याशेजारी दोन कप धुऊन पालथे ठेवलेले. आमच्या घरी कप उताणे ठेवतात. पालथे तू ठेवतेस. तुझ्या स्वयंपाकघरात मी बावीस वर्षं बघितलेत ते पालथे कप. आप्पांना विचारलं, कोणी आलं होतं? ते वहीतून मान न काढता म्हणाले, छे, कोण येणार. आप्पा खोटं बोलत नाहीत हे मी धरूनच चालले होते. म्हणजे ते वाचनालयात असताना तू आमच्या घरात येतेस, चहा करून पितेस, आणि संध्याकाळी माझ्याशी जिन्यात उभी राहून भाजीच्या गप्पा मारतेस!

तुला माहीत नाही मी काय काय केलं. दाराच्या फटीत दोरा अडकवून गेले. दोरा तुटलेला, आणि तो आप्पांच्या जाण्यायेण्यानंही तुटला असेल हे मला सुचलंच नाही. कपाटाच्या दाराला चिकटपट्टी लावली. ती जशीच्या तशी होती, पण त्यावरून मी काढलं की तू हुशार आहेस. मग एक दिवस निघताना उंबऱ्याच्या आत टाल्कम पावडर भुरभुरली. दुपारी आले तर पावडरीत पावलं. तुझी रुंद पावलं मी कुठेही ओळखीन, अंगठ्याशेजारच्या बोटातल्या जोडव्याचा ठसासुद्धा होता. शेजारी आप्पांची पावलं होती. ती घरातलीच, म्हणून मी आधी ती पुसून टाकली आणि तुझी नीट बघत बसले. आता ऐक, मालन. दोघांची पावलं बाहेरून आत, बरोबरीनं आलेली होती. माझ्या डोळ्यांसमोर होती. आणि मला नको असलेली तेवढी मी फडक्यानं पुसली.

त्यानंतर तू जे केलंस त्याचा अर्थ मला एकच दिसायला लागला. डाळीची वाटी आणून दिलीस, तर मनात आलं की भरपाई करतेय. माझ्याकडे बघायचं टाळलंस, तर खात्रीच पटली. आता कळतंय की तू खरंच टाळत होतीस. तुझ्या पोटात दुसरंच काही होतं आणि तुला ते मला सांगता येत नव्हतं.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी मी तुझ्या दारात आले आणि म्हणाले, 'मालन, चावी दे गं, लॅच बदलतोय.' कॅलेंडर बाजूला केलंस, चावी काढलीस, पदरानं पुसलीस आणि माझ्या हातावर ठेवलीस. मग म्हणालीस, 'नवीन चावी देशील ना?' मी म्हटलं, बघू. तुझा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी पाहिलं आणि त्याचाही उलटाच अर्थ लावला. लॅच खरंच बदलून घेतला. खोटं बोलले ते खरं करायला, आणि तू डुप्लिकेट करून घेतली असशील या भीतीनं. नवा लॅच जरा खाली बसला, जुन्याचं भोक दारात तसंच राहिलं. सुतार म्हणाला, बुजवायला परत येतो. तो आला नाहीच. मी त्यात वर्तमानपत्राचा बोळा कोंबला, कारण भोकातून कोणी बघेल.

आणि 'लॅच बदलतोय' हे वाक्य मला सुचलं कुठून, तेही ऐक. ही गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. माझी आई, रमाबाई, ठाण्यात एका घरी स्वयंपाकाला जायची. अकरा वर्षं. घरची माणसं नोकरीला, म्हणून चावी आईकडे. एकदा त्यांचा चांदीचा चमचा सापडेना. कोणी आईला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बाई गोड आवाजात म्हणाल्या, रमाबाई, चावी द्या, लॅच बदलतोय. आई घरी आली, चुलीपाशी बसली, आणि त्या दिवशी आमच्याकडे जेवण झालंच नाही. चमचा पुढे सापडला की नाही, आम्हाला कळलं नाही. आई मरेपर्यंत म्हणायची, त्यांनी मला चोर म्हटलं असतं तर मी उत्तर तरी दिलं असतं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि त्या बाईंचा मला आयुष्यभर संताप आला. आणि तुझ्या दारात उभी राहून मी त्यांचंच वाक्य त्यांच्याच गोड आवाजात बोलले. घरी येऊन हात धुतले तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही.

तू मार्चमध्ये कोपरीला गेलीस. दाराला मोठं कुलूप लावलंस, तेव्हा मी पीपहोलमधून बघत होते. बाहेर आले नाही.

आता एप्रिलचं सांगते, घाबरू नकोस, आप्पा बरे आहेत. शाळेत परीक्षा, फोन स्टाफरूमच्या लॉकरमध्ये. आप्पा साडेबाराला वाचनालयातून आले, चावी घरात खिळ्याला. अशा वेळी पूर्वी जिथे जायचे तिथेच गेले. तुझी बेल वाजवली. कुलूप दिसत होतं, तरी वाजवली. मग तुझ्या उंबऱ्यावर टेकले. खाली जाऊन कोणाला सांगायचं, तर ते मला कळणार, म्हणून कुठे गेलेच नाहीत. आपला जिना एप्रिलच्या दुपारी कसा तापतो ते तुला माहीत आहे. पाणी नाही, जेवण नाही, त्यात मधुमेह. पावणेचारला धाकू टाकीचं बघायला वर आला, तर हे भिंतीला डोकं टेकून अर्धवट शुद्धीत. त्यानंच रिक्षात घातलं. धाकूनं, ज्याच्या वहीवर माझा विश्वास नाही. दोन दिवस सलाईन. शुद्धीवर आले तेव्हा पहिलं वाक्य काय, तर 'दार लागलं'. आणि दुसरं, 'कल्याणला पाठवू नको'.

मी विसरलेच होते. गेल्या वर्षी ते दोनदा असे बाहेर अडकले होते, तेव्हा मी रागानं म्हटलं होतं की आणखी एकदा झालं तर कल्याणला प्रफुल्लकडे पाठवून देईन. माझा भाऊ चांगला आहे, पण घर चौदाव्या मजल्यावर, खाली हायवे, वाचनालय नाही. मी बोलून विसरले. त्यांनी मात्र ते मनात धरून ठेवलं होतं.

हॉस्पिटलात त्यांनी वही मागितली. मी घरी येऊन ती घेतली आणि बसमध्ये सहज उघडली. लॅचचं पान. अर्थ, दोन ओळी. मूळ, मोठ्या अक्षरात, खाली रेघ. आणि वाक्यात उपयोग. वाक्यं तुला जशीच्या तशी उतरवून देते. 'आज लॅच लागला, चावी आत राहिली, मालनने उघडले.' त्याखाली, 'लॅच पुन्हा लागला. साखर उतरून मी थरथरत होतो. मालनने साखरेचा चहा दिला, आणि स्वतःही घेतला, मला एकट्याला लाज वाटू नये म्हणून.' त्याखाली, 'लॅच लागल्याचे मेघनाला सांगा असे मालन म्हणते. मी म्हटले, ती मला कल्याणला पाठवील. मालनने कोणाला न सांगण्याचा शब्द दिला.' आणि सर्वांत शेवटी, 'मेघनाने लॅच बदलला. आता मालनकडे चावी नाही. मालनवर आळ आला आहे हे मला कळते. मी बोललो नाही. चूक माझी आहे.'

मालन, प्रत्येक वाक्यापुढे लाल पेनानं बरोबरची खूण आहे. माझी. शेवटच्या वाक्याखाली तर मी 'छान' असंही लिहिलंय. साठ मुलांच्या वह्या तपासून झाल्यावर ही एकसष्टावी. वाक्यात शब्द आलाय का एवढंच बघायचं, खूण करायची, पान उलटायचं. म्हातारा माणूस तोंडानं सांगू शकत नव्हता, म्हणून दर रविवारी माझ्या हातात लिहून देत होता, आणि मी त्याला मार्क देत होते. पावडरीतली पावलं मी गुडघ्यावर बसून बघितली, आणि वही वाचली नाही. हॉस्पिटलच्या स्टॉपवर उतरायचं ते पुढे गेले. बसमध्ये बायका बघत होत्या, पण रडू आवरेना.

तुझं मात्र मला कळत नाही. एका वाक्यानं तू सुटली असतीस. 'तुझ्या बापाला विचार' एवढं म्हटलं असतंस तरी पुरे होतं. चावी पदरानं पुसून देताना ते तुझ्या तोंडाशी आलं नाही का? आलं असणार. तू शब्द दिला होतास आणि तो पाळायचा म्हणून माझ्या नजरेतून उतरलीस. एवढं मोठं मन माझ्याकडे नाही, हे मी स्पष्टच लिहिते. माझं चुकलं. आईचं झालं ते मी तुझं केलं.

तर पत्राचं कारण. पाकीट झटकून बघू नकोस, यात चावी नाही. नवीन चावी करून आणली होती, आप्पांनी पाठवू दिली नाही. वाचनालयाच्या कोशात त्यांना आणखी एक ओळ सापडली आहे. जुन्या काळी लॅच म्हणजे कुलूप नव्हतंच म्हणे, आतून एक लाकडी पट्टी असायची आणि तिला बांधलेली दोरी दारातल्या भोकातून बाहेर सोडलेली असायची. ज्याला यायचं त्यानं ती ओढायची. लोक आपल्या माणसांना सांगायचे, आमची दोरी बाहेर आहे. आप्पांनी काल माझ्या परकराची नाडी घेतली, एक टोक नव्या लॅचच्या खटक्याला बांधलं, जुन्या भोकातला माझा बोळा उपसला आणि दुसरं टोक जिन्यात सोडलं. मी म्हटलं, आप्पा, कोणीही आत येईल! ते म्हणाले, मालन आली म्हणजे पुरे. मी दोनदा ती नाडी आत ओढून घेतली आणि दोनदा परत बाहेर सोडली. सोसायटीचं पत्र येईल, लोक हसतील, धाकू तर आत्ताच हसून गेला. मला धास्ती वाटते ती वाटतेच, आणि साखरेच्या डब्यावरची खूणही मी पुसलेली नाही. तेवढं पोलीस ठाणं राहू दे. पण उद्यापासून माझी सुट्टी संपेपर्यंत मी घरातच आहे, आणि जिन्यात पाऊल वाजलं की नाडी हलते का ते बघत बसते. कप पालथे घालून ठेवलेत. आप्पांनी लॅचच्या पानावर आज एक नवीन वाक्य लिहिलंय आणि या वेळी मी ते दोनदा वाचून मगच खूण केली : 'लॅचची दोरी बाहेर आहे, मालनने ओढावी.'

तुझीच,
समोरच्या दारातली
मेघना